ज्याचा पाय, त्याचा ब्रेक

ब्राह्मणपारा

सांगलीत कोणाला "रायपूरला निघालोय" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिथं काय आहे बघायला?" आजवर मला त्याचं धड उत्तर देता आलेलं नाही. थोरली बहीण तिथे दिली, एवढं कारण मला पुरत आलं. आक्काचं लग्न झालं तेव्हा रायपूर म्हणजे मध्य प्रदेशातलं भाताच्या गिरण्यांचं गाव होतं. आता ती छत्तीसगडची राजधानी आहे आणि आक्का फोनवर "आमच्या राजधानीत" असं ठसक्यात म्हणते. या खेपेला मात्र मी बहिणीला भेटायला गेलो नव्हतो. एका जुन्या ॲम्बॅसॅडरचा ब्रेक बदलायला गेलो होतो.

गाडी दाजींची, म्हणजे आक्काच्या यजमानांची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दाजी रेल्वेच्या माल कचेरीत होते. नोकरीभर सायकलने कामावर गेले आणि रविवारी ही गाडी पुसली. निवृत्त झाल्यावर मात्र रोज चालवायला लागले. भाजी आणायला, देवळात, नातीला शाळेतून घ्यायला.

वर्षापूर्वी ती गाडी गुढियारीत कोंड्याची पोती लादलेल्या एका हातगाडीवर गेली. दाजींच्या शेजारी नात ओवी बसली होती. तिचा ओठ फुटला, दोन टाके पडले. दाजी घरी येऊन म्हणाले, ब्रेक लागलाच नाही, पेडल पार तळाला गेलं. माझा भाचा नीरज त्याच संध्याकाळी एका मेकॅनिकला घेऊन आला. त्याने चार वेळा पेडल दाबलं, चारही वेळा ब्रेक लागला. झालं. म्हातारा गडबडला, पाय दुसऱ्याच पेडलवर पडला, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण नीरजने ओवीला पुन्हा आजोबांबरोबर पाठवलं नाही आणि आक्कानेही त्या गाडीत पाय ठेवला नाही.

आणि हे सांगायलाच हवं की मीही त्यांच्यातलाच. अपघाताचं सांगायला आक्काने फोन केला तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "ब्रेकला काही झालेलं नसणार. महिन्यापूर्वी भाऊबीजेला आलो तेव्हा मीच त्यात ऑइल भरून गेलोय. वय झालं आता दाजींचं." मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवलं. माझ्या शब्दाला त्या घरात वजन आहे. माझ्या त्या एका वाक्याने दाजींच्या बोलण्यावर शिक्का बसला.

आता नीरजने गिऱ्हाईक शोधलं होतं. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारा कोणी होता. आक्का म्हणाली, "बाळू, तू येऊन ब्रेक तेवढा नवा टाकून दे. विकताना कोनाच्या जिवाले घोर नको." म्हणून दिवाळीनंतर, थंडीची चाहूल लागल्यावर, हत्यारांची पिशवी घेऊन मी पोचलो.

पूर्वी दाजी स्टेशनवर गाडी घेऊन उभे असायचे. या वेळी मी रिक्षाने गेलो. ते दारातच होते. "या सालेसाहेब! थंडी पडून राहिली न, स्वेटर आनला काय?" एवढं बोलले आणि आत जाऊन पेपर उघडून बसले. एरवी हा माणूस चहा निवेपर्यंत माझी फिरकी घेणारा. मला ते बरं वाटलं नाही.

आक्काने मात्र कसर भरून काढली. फरा केला होता. शिजवलेला भात आणि तांदळाचं पीठ एकत्र मळून बोटाएवढ्या वळकट्या करायच्या, उकडायच्या आणि वरून तीळ-मिरचीची फोडणी. आपल्याकडे भात जेवणाच्या शेवटी येतो, तोही ताकाबरोबर. इथे तो सकाळपासून निरनिराळी सोंगं घेऊन पानात येत राहतो. मी म्हणालो, "आक्का, एक भाकरी टाकशील का?" ती म्हणाली, "काहून रे, सांगलीत मिळत नाही काय भाकर? इथलं खाय ना." चाळीस वर्षांत बाईची भाषा अशी बदलली आहे की आमची आई असती तर दुभाषी लावावा लागला असता.

या घराची आणखी एक गंमत आहे. इथल्या कुठल्याही डब्यावर विश्वास ठेवायचा नाही. बिस्किटाच्या डब्यात खिळे, साखरेच्या डब्यात मीठ, औषधाच्या बाटलीत घासलेट. दाजींना रिकामा डबा टाकवत नाही आणि आक्काला लेबल काढायला वेळ नाही. घरच्या माणसांना सगळं पाठ असतं. फसतो तो पाहुणा. पहिल्याच सकाळी मी चहात मीठ घालून तो प्यालो आणि मुकाट्याने राहिलो.

गुढियारी

ब्राह्मणपाऱ्यातल्या गल्लीत गाडीखाली शिरून काम करायला जागा नव्हती, म्हणून गाडी गुढियारीला बुधारू उस्तादाकडे न्यायची ठरली. तो साठीचा, सडपातळ, गळ्यात गमछा, चष्म्याला सुतळी. बुधवारी जन्मला म्हणून बुधारू. इथे अशी नावं सर्रास आहेत. त्याने आपल्या जीपला दोर बांधून गाडी ओढत नेली. मी स्टिअरिंगवर, एक हात हँडब्रेकवर. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला तेलाशी देणंघेणं नसतं, म्हणून तेवढा भरवशाचा. रेल्वेखालच्या पुलाशी वाहतूक अडली तेव्हा एका सायकलवाल्याने सायकल उचलून दोरावरून पलीकडे नेली आणि जाताना मला "जय जोहार" केला. आमच्याकडे त्याने माझ्या कुळाचा उद्धार केला असता.

गुढियारी म्हणजे धान्याची गोदामं, मालधक्का, ट्रक आणि माणसं. भाताचा नवा हंगाम होता. हवेत कोंड्याचा कोरडा, गोडसर वास आणि त्यात डिझेल. बुधारूचं गॅरेज म्हणजे एका गोदामाच्या भिंतीला टेकलेलं पत्र्याचं छप्पर, पण झाडून लख्ख केलेलं. मी शिक्षक होतो हे कळल्याबरोबर त्याने मला "गुरुजी" म्हणायला सुरुवात केली आणि बसायला स्टूल दिलं. स्टुलावर बसणं माझ्या स्वभावात नाही. मी शर्ट काढून ठेवला आणि गाडीखाली शिरलो.

या गाडीचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर चारही चाकांकडे तेल ढकलणारा पंप, ड्रायव्हरच्या पायाखाली असतो. सतरंजी उचलायची, पत्र्याचं झाकण काढायचं, की भोकातून त्याचं तोंड दिसतं. तिथून एकच नळी निघते आणि पुढे चार चाकांना फाटे फुटतात. कुठेही गळती झाली तर चारही ब्रेक गेले. नव्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक गेली तर दुसरी असते. जुन्या गाडीचा सगळा संसार एका नळीवर.

नळ्यांचे नट गंजले होते. मागच्या आसावरची नळी तर पाना लावताच काडीसारखी मोडली. "सब बदलना परही," बुधारू म्हणाला. हव, मी म्हणालो. इथे होकाराला 'हव' म्हणतात आणि दोन दिवसांत तो जिभेवर बसतो.

सिलेंडर सुटला. बुधारूने तो कागदावर ठेवून उघडला. आतला दट्ट्या सहजी निघेना; लाकडावर आपटून काढावा लागला. त्यावरचे रबरी वॉशर बाहेर आले आणि बुधारूने नव्या किटमधला वॉशर त्यांच्या शेजारी ठेवला. नवा होता बटणाएवढा. जुना त्याच्या सव्वापट, मऊ, लिबलिबीत, कडा ढासळलेल्या. मग त्याने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि सिलेंडरमधल्या तेलाचे थेंब त्यात सोडले. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. यातलं थोडं विरघळलं. बाकीचं वर आलं आणि पिवळ्या टिकल्यांसारखं तरंगत राहिलं.

बुधारूने ग्लास उजेडात धरला. "एमा जैक के तेल कोन डारे हे, गुरुजी?" यात जॅकचं तेल कोणी घातलं?

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रिकामं बसवेना म्हणून मी सतरंजी उचलून झाकण उघडलं होतं. ऑइल कमी दिसलं. कोनाड्यात ब्रेक ऑइलचा डबा होता, लेबल स्वच्छ वाचता येत होतं. मी अर्धा डबा ओतला, झाकण लावलं आणि हात पुसले. त्या घरात डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे यांचा संबंध नसतो, हे मला मिठाच्या चहाआधीही ठाऊक होतं. आणि पोरांना एकतीस वर्षं सांगत आलो होतो, की तेल ओतायच्या आधी वास घ्या, दोन बोटांत चोळा, लेबल वाचून मेकॅनिक होता येत नाही.

पुढचं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. असल्या तेलाने रबर फुगतं. फुगलं की पेडल सोडल्यावर तेल मागे फिरत नाही, ब्रेक चाकाला घासत राहतो, तापतो, आतलं तेल उकळून त्यात वाफ धरते, आणि ऐन गरजेला पेडल तळाला जातं. गाडी थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. म्हणून त्या संध्याकाळी चारही वेळा ब्रेक लागला होता. दाजी अक्षरशः खरं बोलत होते. ओवीच्या ओठावरचे टाके माझे होते.

"कोण जाणे," मी म्हणालो.

खोटं बोललो. तिथल्या तिथे, विचार न करता. बुधारूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ग्लास नालीत ओतला. दुपारी त्याच्या घरून अंगाकर आली, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली तांदळाची जाड रोटी, आणि टोमॅटोची भाजून वाटलेली चटणी. मी आजवर खाल्लेली सगळ्यात चांगली चटणी ती असावी. पण मी एकच तुकडा चिवडत बसलो होतो आणि बुधारू विचारत होता, "मिरचा जादा होगे का?"

संध्याकाळी घरी आक्काने विचारलं, "काय निघालं रे आत?" दाजी समोरच पेपर वाचत होते. मी म्हणालो, "जुनं झालंय सगळं. गंज आहे." हेही खोटं नव्हतंच. अर्धं खरं सांगायची सोय किती चांगली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

नळ्या

दुसरा दिवस नळ्यांत गेला. सिलेंडर नवा मिळाला, रबरी होजही मिळाले, पण या गाडीच्या तयार नळ्या आता कुठे मिळणार? त्या सरळ पाइपातून बनवायच्या होत्या. मी सांगलीत हे काम मापं घेऊन, कागदावर आकृती काढून करवून घ्यायचो. बुधारूने मापं घेतलीच नाहीत. मोडलेल्या नळीचे तुकडे जमिनीवर जुळवून ठेवले, बाजूने चुन्याची रेघ ओढली, तुकडे उचलले. मग त्या रेघेवर बसून नवा पाइप एका जुन्या पुलीभोवती थोडा थोडा वाकवत गेला. प्रत्येक वळणाला पाइप रेघेवर टेकवून बघायचा. कुठेही चेपला नाही. मी चार ठिकाणी शंका काढल्या. त्याने चारही वेळा "हव गुरुजी" म्हटलं आणि आपल्याच पद्धतीने पुढे गेला.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, मागच्या डाव्या चाकाची नळी मी करतो. वाकवली, छान झाली. दोन्ही टोकांची तोंडं साच्यात धरून फुलवली, तीही देखणी झाली. वर धरून बुधारूला दाखवली. मग जमिनीवर पडलेले दोन नट त्याने उचलून तळहातावर ठेवले आणि हात माझ्यापुढे केला.

टोक फुलवल्यावर नट नळीत जातच नाही. आधी नट घालायचे, मग फुलवायचं. 'आधी नट, मग फूल' हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचो. बुधारू आधी गालात हसला, मग मोठ्याने हसला, मग मीही हसलो. त्याने माझी नळी कापली, नट घातले आणि म्हणाला, "होथे गुरुजी. हाथ हे, मसीन थोरे हे." होतं असं, हात आहे, यंत्र थोडंच आहे? तो नळीबद्दल बोलत होता. मला मात्र दुसरंच ऐकू आलं आणि मी उगाच हत्यारं पुसत बसलो.

जेकर गोड़

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं, नवं ब्रेक ऑइल भरलं. ते मी आधी हुंगलं, बोटांत चोळलं, पाण्यात घालून पाहिलं. आता उरलं नळ्यांतली हवा काढणं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा बोंडू, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करून हवा बाहेर सोडायची. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसायला गेलो तर बुधारूने दार धरलं.

"तैं नहीं, गुरुजी. गाड़ी कोन चलाथे?"

"दाजी. चालवायचे."

"त ओला बला. जेकर गोड़, तेकर ब्रेक." गोड़ म्हणजे पाय. ज्याचा पाय, त्याचा ब्रेक. त्याच्या गॅरेजचा हा नियम. पेडल किती खाली गेल्यावर धरतं, किती कडक लागतं, हे गाडी चालवणाऱ्याच्या पायाला पहिल्या दाबापासून कळलं पाहिजे, दुसऱ्याने कितीही सांगितलं तरी ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्या वर्कशॉपात जो मोकळा असेल तो पेडल मारायचा. मी म्हणालो, गाडी विकायची आहे. बुधारू म्हणाला, मग घेणाऱ्याला बोलवा. आणि बिडी पेटवून बसला.

मी घरी फोन लावला. आक्का म्हणाली, "ते नाही येनार. वर्ष झालं, गाडीकडे पाह्यत बी नाही." मागून दाजींचा आवाज आला, "कोन बोलवून राहिलं?" तासाभराने ते ई-रिक्षातून उतरले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गाडीच्या दाराशी जरा वेळ उभे राहिले, चपला काढल्या आणि अनवाणी आत बसले.

मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा पडलो. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते. बोंडूला नळी, नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत. बुधारू उभा राहून हाकारत होता, "दबा... रोक... छोड़." दाजी दाबत होते. बाटलीत बुडबुडे येत होते, मोठे, मग बारीक, मग एखादाच. "दबा... रोक... छोड़." चार चाकं झाली. शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले तेव्हा वरून दाजींचा आवाज आला, एकदम वेगळा. "धरलं. सालेसाहेब, अर्ध्यातच धरलं!" ते पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते.

बुधारू चहा सांगायला गेला. मी गाडीखालून निघालो आणि उघड्या दाराशी जमिनीवरच बसलो. दाजींच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, समोर त्यांचे पाय होते, त्यांच्याकडे बघत म्हणालो, "दाजी, ब्रेक त्या दिवशी खरंच गेला होता. आत जॅकचं तेल होतं. ते मी ओतलं होतं, भाऊबीजेला."

"मालूम आहे मले," ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

"दुसऱ्याच दिवशी झाकन उघडून वास घेतला. जॅकच्या तेलाचा वास मले कळत नाही काय? डबा माह्याच हातचा भरलेला. अन् तो खोलनारा तुयाशिवाय कोन होतं घरात?"

"मग बोलला का नाही? वर्षभर सगळे तुम्हाला..."

"ब्रेक नाही लागला, हे सांगितलं. कोनी मानलं नाही. आता काहून नाही लागला हे सांगाचं, म्हंजे तुये नाव घ्या लागते." त्यांनी पेडल हळूच दाबून सोडलं. "पोरीच्या तोंडाले रक्त आलं होतं. सूनबाई रडून राहिली होती. त्या टायमाले तुये नाव घेतलं असतं, त तुया आक्काले जन्मभर ऐकावं लागलं असतं. तुमच्या भावानं केलं म्हनून. चाळीस वर्षांत तिले माहेरावरून कोनी शब्द नाही बोललं या घरात. मी बोलू देऊ?"

ज्या माणसाबद्दल मी हजार किलोमीटरवरून "वय झालं" म्हणून मोकळा झालो होतो, तो वर्षभर माझ्या बहिणीची अब्रू राखत स्वतः म्हातारचळ लागलेला ठरून बसला होता. मला स्वतःची लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते तेलकट हातांनी पुसलं आणि डोळे आणखीच चुरचुरले.

"आता तू बी काही नको बोलू," दाजी म्हणाले. "गाडी त जाऊन राहिली."

तेवढ्यात चहा आला. दाजींनी गाडी स्वतः घरी आणली, मी शेजारी बसलो होतो. आक्का दारात उभी राहून बघत होती. "आले काय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

नवा रायपूर

नीरज आता नव्या राजधानीत राहतो, त्याच्या ऑफिसजवळच. रविवारी सगळ्यांचं जेवण त्याच्याकडे होतं. गिऱ्हाईक संध्याकाळी तिथेच गाडी बघायला येणार होतं. सकाळीच नीरज येऊन आक्काला आपल्या गाडीतून घेऊन गेला. "मामा, आप भी हमारे साथ चलो ना," तो म्हणाला. घरात मराठी सगळी कळते त्याला, उत्तर मात्र हिंदीत देतो. मी म्हणालो, मी दाजींबरोबर येतो. त्याने खांदे उडवले.

गाव संपलं आणि रस्ता एवढा रुंद झाला की सांगलीची अख्खी गणपती पेठ त्यात आडवी मावली असती. दोन्हीकडे कापणी झालेली भाताची शेतं, मधूनच काचेची एखादी उंच इमारत, पुन्हा शेत. बसथांबे नवेकोरे, त्यांवर कोणी नाही. एका चौकात लाल दिवा लागला. चारही दिशांना चिटपाखरू नव्हतं. दाजींनी गाडी थांबवली आणि पूर्ण वेळ थांबून राहिले. मी म्हणालो, "जाऊ द्या की, कोण बघतंय?" ते म्हणाले, "ब्रेक लावून पाह्यलं न, कसं वाटते ते." आणि फार दिवसांनी हसले. पुढे म्हशींचा कळप अचानक दुभाजकावरून खाली उतरला. मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. गाडी सरळ रेषेत, न हिसकता थांबली. म्हशी सावकाश गेल्या.

त्या म्हशी जाईपर्यंत माझं ठरलं होतं. दाजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला शपथ घातली असती.

जेवायला बसलो. सूनबाईने पाटवड्या केल्या होत्या, आक्का भात वाढत होती. ओवी माझ्यासमोर बसली होती. ओठावरचा व्रण आता दिसेल न दिसेल एवढाच. नीरज म्हणाला, "मामा, ब्रेक तो अब पक्का है ना? पार्टी पूछेगी."

"पक्का आहे," मी म्हणालो. "नीरज, तुझ्या बाबांचा पाय चुकला नव्हता. ब्रेक गेलाच होता. मी भाऊबीजेला आलो तेव्हा त्यात चुकीचं तेल ओतलं, न तपासता. त्याने आतलं रबर फुगलं आणि पेडल गेलं. उस्तादाने मला दाखवलं. मग मी त्याच्याशीही खोटं बोललो. ओवीला लागलं ते माझ्यामुळे. तुझ्या बाबांना हे दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. माझं नाव येऊ नये म्हणून ते गप्प राहिले."

दाजी रागाने माझ्याकडे बघत होते. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आक्का तिला काही ऐकवेल, ती आक्काला काही ऐकवेल, याची मी वाट बघत होतो. नीरजने हातातला घास खाली ठेवला. "मतलब... बाबा सही बोल रहे थे." मग उठला, फोन घेतला आणि गॅलरीत जाता जाता म्हणाला, "मैं उसको मना कर देता हूँ."

आक्का भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. दाजींना म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं तुमी?"

"सांगितलं होतं न वो," दाजी म्हणाले. "त्याच दिवशी. दारात उभं राहून सांगितलं, ब्रेक लागला नाही म्हनून."

आक्का खाली बसली आणि त्यांच्या पानात भात वाढू लागली. एक वाढ, दुसरी, तिसरी. ढीग झाला तरी ती वाढतच होती आणि दाजी पुरे म्हणत नव्हते. शेवटी त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, आम्हा सगळ्यांच्या देखत, आणि जेवण होईपर्यंत सोडलं नाही.